थुंकीवाल्या ताई

आमच्या शैलाताईंना चिंच खाताना पाहिलं, की भरल्या पोटाच्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटायचं. त्यांना तेच हवं असायचं. लहान मुलांची लाळ तपासून जन्मजात आजार हुडकायच्या कामावर आम्ही दोघं पेणहून गावोगावी फिरायचो. मी नळ्यांवर नावं लिहायचो, ताई लाळ गोळा करायच्या.

नळीत थुंक म्हटलं, की नेमकं पोरांचं तोंड कोरडं पडतं. मग ताई आधी दोन्ही पंजे उघडून दाखवायच्या, "बघ गो, सुई नाय माझ्याकडं!" आणि पिशवीतून चिंच काढून, डोळे मिटून, मिटक्या मारत चोखायच्या. पोरांना मात्र कणभरही नाही. "खाल्लीस तर तपासणी बाद! नुसती बघ!" नळ्या भराभर भरायच्या. हमरापूरला एका आजोबांनीही नळी मागितली होती.

जोह्याला मात्र फजिती झाली. तिथल्या एका मूर्तिकाराच्या सात वर्षांच्या मनालीची लाळ गुलाबी निघाली. प्रयोगशाळेतून चिठ्ठी आली : नमुना बाद, रक्त घ्या.

"रक्त घ्या म्हणे! सुई लावायची नाय म्हंजे नाय," ताई कडाडल्या आणि मला ओढत पुन्हा जोह्याला घेऊन गेल्या. पाहतो तर मनाली गणपतीच्या उंदरांचे कान गुलाबी रंगवत होती आणि ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरत होती.

ताई तिला आधी रागे भरल्या, मग त्यांनी तिला खळखळून चुळा भरायला लावल्या. आता तासभर ब्रशला शिवायचं नाही.

"गणपती आठ दिवसांवर आलं, बाई," तिचा बाप म्हणाला. "उंदरांचं कान रंगवल कोन?"

"मी रंगवते!"

तासाभरात ताईंनी नऊ उंदीर रंगवले. बापाने ते निरखून पाहिले. "मांजरी झ्याक झाल्यात," तो म्हणाला.

मग चिंच निघाली, नळी स्वच्छ भरली आणि थकलेली मनाली ताईंच्या मांडीवरच झोपून गेली. तेवढ्यात परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला.

"ताई, सुईनं मिनिटात झालं असतं," मी वैतागून म्हणालो.

ताई खालच्या आवाजात बोलल्या, "तीस वर्सं दवाखान्यात सुयाच टोचल्या रे. बाजारात दिसले तरी पोरं आयशीमागं लपायची. आजपातूर माझ्या मांडीवर कोन बसलं नव्हतं."

मी बाहेर जाऊन कंडक्टरला हाताने खूण केली, तुम्ही निघा. पुढची गाडी दोन तासांनी होती.