तावडेकाकांचं परदेशी जनमत

भांडुपला आमच्या सोसायटीत राहणारे तावडेकाका बातमी अर्धीच ऐकतात. आपलं कॅनडाशी बिनसलं, राजदूत परत पाठवले, इथपर्यंत ठीक. निवेदक तावातावाने बोलू लागला की टीव्ही बंद करून ते मालवणीत विचारतात, "ह्यां सरकारांचां झालां. थयलो साधो माणूस काय म्हणता?"

थयलो, म्हणजे तिथला माणूस काय म्हणतो, ते त्यांना कॅनडात राहणारी त्यांची मुलगी सुषमा कळवायची. सकाळी फोन झाला की गेटजवळच्या बाकावर काकांचा अहवाल सुरू. शेजारची म्हातारी केक घेऊन आली. दुकानदार हसून बोलला. बसवाला तिच्यासाठी थांबला. एकूण काय, लोक चांगले आहेत. आम्ही हसायचो.

मी तेव्हा परराष्ट्र धोरण सांभाळत होतो. माझा पासपोर्ट कोराच्या कोरा संपला होता, पण सोसायटीच्या ग्रुपवर मी ठणकावलं होतं, व्हिसे बंद करा, अद्दल घडेल. पुढे खरंच व्हिसाची कामं रखडली, तिकडे जाणाऱ्या आपल्या लोकांचीही. त्या संध्याकाळी बाकावर मी विजयी सेनापतीसारखा बसलो होतो. काका उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. फोनवर मुलीचा चेहरा दिसत नव्हता. काकी गेल्यापासून ते एकटेच असतात. दारापाशी भरलेली बॅग होती, तिच्यावर काकींच्या लुगड्यांची एवढीशी दुपटी.

मी फोन लावून दिला. सुषमाला आठवा लागलेला दिसत होता. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"बाबा, इथे कोणाला हे भांडण माहीत पण नाहीये," ती म्हणाली. "शेजारची आजी रोज एकच विचारते, तुझे बाबा कधी येणार?"

काका म्हणाले, "सांग तिका, येतंय म्हणान."

फोन ठेवल्यावर मी चाचरत म्हणालो, की काका, मी ग्रुपवर जे लिहिलं ते...

"तुझ्या लिहिण्याने माझा व्हिसा थांबत असता, तर चालू करायलाही तुलाच सांगितलं असतं रे."

मग बॅग उघडून त्यांनी डबा काढला आणि डिंकाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. दर पंधरवड्याला ताजे करतात म्हणे. पोरीला खवट नकोत.

मी अख्खा लाडू तोंडात कोंबला. बोलायची सोय उरली नाही, ते बरं झालं. काकांनी बॅगेची चेन लावली, वरची नसलेली धूळ पुसली, आणि बॅग पुन्हा दारापाशी नेऊन ठेवली.