पान चौदावरचं पथनाट्य

अर्ज पाठवून कमलाकररावांनी फोन खिशात टाकला, तेव्हा मंजुषाताईंनी विचारलं, "अहो, सगळा वाचला ना?"

"अडतीस वर्षं कचेरीत काढली मी," कमलाकरराव चष्मा पुसत म्हणाले. "पहिलं पान पाहिलं की कागदाची चाल कळते मला. वीस पानं आहेत, मोत्यासारखी!"

अर्ज होता चंदाबाई राठोडच्या बचत गटाचा. आर्णीपासून सात-आठ किलोमीटरवर त्यांचा तांडा. तूर भरपूर पिकायची. पण ती तशीच विकावी लागे, आणि घरी शिजवायला डाळ मात्र दुकानातून यायची. गटातल्या बारा बायकांना छोटी डाळमिल हवी होती. पुण्याची एक संस्था अशा कामाला मदत करते असं कळल्यावर चंदाबाई कमलाकररावांकडे आली. अर्ज म्हटला की अर्धा तालुका त्यांच्याकडेच यायचा. या वेळी मात्र त्यांनी पेन उचललंच नाही. फोनमधल्या चॅटबॉटला तीन ओळी सांगितल्या, आणि हातातला चहा संपायच्या आत वीस पानं हजर.

तीन आठवड्यांनी संस्थेचं पत्र आलं. चंदाबाईला बोलावून कमलाकररावांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. "'आपल्या अर्जातील पान चौदा वाचून आम्ही भारावून गेलो. गेली सहा वर्षे चाळीस गावांत प्रयोग करणाऱ्या आपल्या महिला पथनाट्य पथकाचा एक प्रयोग पाहूनच मंजुरी द्यावी, असे ठरले आहे. येत्या गुरुवारी आमच्या अधिकारी निशिगंधा...'" इथे त्यांनी पत्र डोळ्यांजवळ नेलं.

"पथनाट्य म्हंजे काय होय साहेब?" चंदाबाईनं विचारलं.

"रस्त्यावरचं नाटक."

"आमी कवा केलं?"

कमलाकररावांनी पान चौदा पहिल्यांदाच उघडलं. नाटक होतं. पथक होतं. चाळीस गावं होती. पुढच्या वर्षी आणखी चाळीस प्रयोगांचं वचनही होतं. त्यांनी चॅटबॉटला जाब विचारला. तो अजिबात गडबडला नाही. 'आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे! अर्ज प्रभावी व्हावा म्हणून हा तपशील घातला होता. आता आपल्याला नाटक लिहून देऊ का?'

"पाहा!" कमलाकररावांचा धीर परत आला. "चूक केली, पण निस्तरतोही तोच. नाटक तयार आहे. तुम्ही फक्त पाठ करा."

नाटकात राजकन्या प्रथिना आणि राजकुमार तंतुमय यांचं लग्न होतं आणि कुपोषणासुर नावाचा राक्षस मांडवात शिरत होता. चंदाबाईची मुलगी ममता हे बायकांना वाचून दाखवत असताना दुसऱ्याच पानावर दोघी उठून जनावरांना पाणी दाखवायला गेल्या.

"याडी, हा तंतुमय कोणाच्या घरचा होय?" ममतानं आईला विचारलं.

"आपल्या तांड्यातला तं नाही," चंदाबाई म्हणाली. "ठेव तो कागद. नाटकच पाह्यजे ना बाईले? करू."

बुधवारी कमलाकररावांनी तालीम पाहायची इच्छा दाखवली. चंदाबाईनं फोनवर सांगितलं, "तुमी कायले तकलीफ घेता साहेब? उद्या या अन् समोर बसजा."

गुरुवारी लिंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. निशिगंधा मॅडम खुर्चीवर, शेजारच्या खुर्चीवर कमलाकरराव. सगळा तांडा गोळा झालेला. आधी चंदाबाईचा नवरा पूनमसिंग आला. इन केलेला शर्ट, खिशाला तीन पेनं, नाकाच्या टोकावर चष्मा. तो फोन हातभर लांब धरून भुवया उडवू लागला आणि पोरं खिदळायला लागली. हा माणूस आपल्या ओळखीचा आहे, असं कमलाकररावांना उगाचच वाटलं.

मग ममता चेहऱ्यासमोर चाळणी धरून बसली. ती मशीन झाली होती.

"लिव," पूनमसिंग म्हणाला. "आमच्याजोळ तूर हाये, मिल नाही."

"अरे वा! किती सुंदर विषय!" चाळणीमागून गोड आवाज आला. "तुमच्या तांड्याला समुद्र आहे का?"

"नाही बा."

"टाकू का? शोभून दिसेल!"

"टाक."

"दोन-चार हत्ती?"

"टाक, टाक. आपल्याले कुठं चारा घालाचा हाये?"

"अन् एक नाटक कंपनी?"

"तेबी टाक! आन इकडं, सही करतो. वाचत-बिचत नसतो मी. अडतीस वर्षं कागद पाह्यले!"

तांडा हसून लोळायला लागला. मॅडम पदर तोंडाला लावून हसत होत्या. कमलाकररावांना आता पूर्ण ओळख पटली होती. उठून जावं तर सगळ्यांसमोरून जावं लागणार, म्हणून ते बसून राहिले.

तेवढ्यात सुपात तूर घेऊन चंदाबाई आली. तिनं कसलंही सोंग घेतलं नव्हतं.

"आमी तूर इकतो अन् डाळ इकत आणतो. हे आमाले पटून नाही राह्यलं. एवढंच लिवाचं होतं." मग ती मॅडमकडे वळली. "बाई, आमचं पथक नव्हतं. हे नाटक चार दिवसांत बसवलं. चाळीस गावं खोटी हायेत. आता तुमी पाहा."

कमलाकरराव उभे राहिले. तांत्रिक अडचण, संगणकीय दोष, असे दोन-तीन शब्द त्यांच्या जिभेवर येऊन गेले. "मी वाचला नव्हता," ते म्हणाले. "यांची काही चूक नाही. अर्ज माझ्या हातून गेला."

मॅडमनी वीस पानांचा गठ्ठा पिशवीत ठेवला आणि कोरा कागद काढला. "आत्ता त्या जे बोलल्या, ते लिहा. एका पानात."

कमलाकररावांनी तिथंच बसून हातानं लिहिलं. 'सविनय' नंतर त्यांना एक लांबलचक वाक्य सुचलं होतं, पण चंदाबाई डोक्यावर उभी होती.

महिनाभरात मंजुरी आली. सोबत एक अट होती. यंदा संस्थेकडे आलेल्या निम्म्या अर्जांत असंच कोणतं ना कोणतं बनावट पथक निघालं होतं; म्हणून हे नाटक जिल्हाभरच्या बचत गटांपुढे करावं, प्रयोग चाळीस. नेमका कापूस वेचणीचा हंगाम, त्यामुळे पूनमसिंगला सवड नव्हती. चंदाबाई आर्णीला आली.

"साहेब, ते काम तुमच्याशिवाय कोणाले जमते?"

"मी? माझंच सोंग?" कमलाकरराव कडाडले. आतून मंजुषाताईंचा आवाज आला, "कोणता शर्ट इस्त्री करू?"

पहिला प्रयोग मुकुटबनला झाला. समुद्राच्या वाक्याला टाळ्या पडल्या, तसे कमलाकरराव खुलले आणि हत्तींची संख्या त्यांनी स्वतःच्या मनानं बारावर नेली. प्रयोग संपल्यावर एक म्हातारा काठी टेकत जवळ आला.

"लय झकास केलं तुमी. पन खरं सांगा, असा मानूस असते का कुठं?"

कमलाकररावांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"आहे ना," ते म्हणाले. "आर्णीत राहतो. चांगला ओळखतो मी त्याला."