फळमाशांची अदलाबदल

सुनेने लाल बुचाची नळी टेबलावर हलकेच आपटली. आतल्या फळमाशा तळाशी पडल्या आणि तरण्याताठ्या माशांसारखं भराभर वर चढायचं सोडून तिथेच बसून राहिल्या. मग तिने पांढऱ्या बुचाची नळी आपटली. त्याही बसून राहिल्या.

म्हातारपण लांबवणाऱ्या एका औषधाची ती माशांवर चाचणी करत होती. लाल नळीतल्या खाद्यात औषध, पांढरीतलं खाद्य साधं. औषध गुणकारी असेल तर लाल माशा तरुण राहायला हव्यात, विषारी असेल तर आधी मरायला हव्यात. इथे दोन्हीकडच्या माशा हातात हात घालून म्हाताऱ्या होत होत्या. प्रयोगशाळेतलं ठरावीक तापमान राखणारं कपाट बिघडलं म्हणून तिने नळ्या घरी आणलेल्या. सरांना निकाल द्यायचा होता, आणि औषध कुचकामी ठरलं तर पदवीसाठीची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

"बाधतही नाही आणि लागूही पडत नाही. मग हे आहे तरी काय?" ती पुटपुटली.

"दोन्हींचं सारखं चाललंय ना?" खुर्चीतून सासऱ्यांनी विचारलं.

"अगदी सारखं. तोच तर घोळ आहे."

"घोळ कसला? तसंच व्हायला हवं," सासरे समाधानाने म्हणाले.

सुनेने नळी खाली ठेवली. "बाबा, तुम्ही काय केलंत?"

सासऱ्यांचा जन्म शाळेत खेळ शिकवण्यात आणि सामन्यांत पंचगिरी करण्यात गेला होता. "मध्यंतरात बाजू बदलायच्या असतात, पोरी. एकाच संघाने का सोसायचं? तू कामावर गेलीस की दुपारी मी लाल माशा पांढरीत घालतो, पांढऱ्या लाल नळीत. तू करतेस तसंच, नळीला नळी लावून."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी तू घरी असतेस."

 सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तिने सरांना फोन लावला. सर म्हणाले, "म्हणजे औषध दोन्हींना मिळालं. मग हा निकाल धरायचाच नाही. नव्या माशा घ्या, मुदत वाढवून देतो."

"बाबा, तुम्ही वाचवलंत मला," ती म्हणाली. तिला खरंच रडू येत होतं. शाबासकी नेमकी कशाची हे सासऱ्यांना कळेना, पण मिळतेय तर नाही कशाला म्हणा, म्हणून त्यांनी मान डोलावली.

एवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"ह्यांना कसली शाबासकी देतेस? सगळा बट्ट्याबोळ करून ठेवत होते. मी होते म्हणून निभावलं."

"म्हणजे?"

"ह्यांचं आटोपलं की हे घोरायला लागतात. मग मी लालच्या लाल नळीत, पांढऱ्या पांढरीत, परत जागच्या जागी. एक दिवस चुकले नाही. बोलले नाही, उगाच घरात वाद नको म्हणून. पण तुझं नुकसान होऊ देईन का मी?"

सुनेने खुर्ची ओढली आणि बसली. म्हणजे लाल माशांनीच औषध खाल्लं होतं आणि पांढऱ्यांनी साधं खाद्य. प्रयोग चोख पार पडला होता. औषधच फुकट होतं.

"आता सरांना सांग, सगळं व्यवस्थित आहे म्हणावं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

सुनेने फोन हातात घेतला. मग तिने तो टेबलावर पालथा ठेवला.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही आणखी कोणाजवळ बोललात का?"