आप्पांचं नाक आणि माझा हापूस

आमच्या मोटार कारखान्यात गाड्या रंगवतात त्या पेंट शॉपच्या दारात आप्पा शेवाळे माणसं हुंगतात. चाकणला नवा आलेला इंजिनिअर पहिल्या दिवशी दचकून मागेच सरतो. मग त्याला सांगावं लागतं, की बाबा, अंगावर सेंट किंवा डोक्याला जेल असलं की गाडीच्या ओल्या रंगावर बारीक खड्डे पडतात, म्हणून शेजारच्या निघोजे गावच्या या सुपरवायझरचं नाक दारात बसवलेलं आहे. "साबण बदलला व्हय?" असं आप्पांनी विचारलं, की भलेभले घरी जाऊन जुनी वडी शोधतात.

अशा नाकासमोरून मी आंब्याच्या वासाची ई-सिगारेट नेली. माझी हुशारी इथेच ओळखा. गेटवर काडेपेटी काढून घेतात. ही दिसते पेनासारखी, म्हणून ऐटीत खिशाला अडकवलेली. चेंजिंग रूममध्ये दोन झुरके मारले आणि दारात आलो.

"आंबा," आप्पा म्हणाले. "ऐन दिवाळीत?"

"शाम्पू आहे, आप्पा."

त्यांनी माझ्या टकलाकडे बराच वेळ पाहिलं आणि हात पुढे केला. मी ती खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवली.

पकडला गेला की माणसाला तत्त्वज्ञान सुचतं. मी म्हणालो, "सिगारेट नाही ती. नुसती वाफ. परदेशात सिगारेट सोडायला डॉक्टरच देतात म्हणे."

"तुला कोणत्या डाक्टरनं दिली?"

"थेरगावात... मोबाइलची कव्हरं विकतो, त्यानं."

"मग सुटली सिगारेट?"

"सध्या दोन्ही चालू आहेत."

तरी मी शेवटचा बाण सोडलाच. "हिच्यावर सरकारची बंदी, आणि खरी सिगारेट गेटसमोरच्या टपरीवर उघड. हा कुठला न्याय, आप्पा?"

"त्ये मलाबी कळंना. पर सिगारेटनं किती वाटोळं हुतं त्ये तरी म्हाईत हाय. हिचं अजून मोजत्यात. त्या मोजमापात तू कशापायी पडतो?"

असली वस्तू आत सापडली की माणूस थेट गेटबाहेर, हा कंपनीचा नियम. नोकरी गेली असं धरून मी दिवसभर एचआरच्या बोलावण्याची वाट पाहिली. बोलावणं आलं नाही. चहाच्या सुट्टीत आप्पा आले, शेजारी बसले आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. "हात रिकामा ठिवू नको."

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मीच विचारलं, "माझं नाव वर का नाही कळवलंत?"

"एकदा कळवलं हुतं. माझ्या पोराच्या बॅगेत असलीच गावली, तर मीच नेऊन प्रिन्सिपलच्या टेबलावर ठिवली. हास्टेलातनं काढला त्याला." आप्पांनी तळहातावरची सालं फुंकली. "आता बंगळुरात हाय नोकरीला. माझा फोन उचलत न्हाई."

तेव्हापासून चहाला रोज पुडी येते आणि रोज एकच प्रश्न येतो, "तलफ कमी हुती का रं?" मला वाटायचं, चौकशी माझीच चालली आहे.

काल मी म्हणालो, "होते आप्पा, हळूहळू."

तासाभरापूर्वीच मी टपरीवर एक ओढून आलो होतो. एवढ्या जवळून तो वास त्या नाकाला आला नसेल, हे शक्यच नाही.

"मग माझ्या पोराचीबी झाली आसंल," आप्पा म्हणाले. उरलेले शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि दारात माणसं हुंगायला निघून गेले.