अण्णांकडचे डोळे

आमच्या शेजारचे सुकुमारअण्णा मेलेल्या माणसांचे डोळे उघडतात. सकाळी दुकान झाडून घेतलं, उदबत्ती लावली, की कामाला सुरुवात. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं, म्हणून आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी शटर त्यांचं पडतं.

घाबरू नका. अण्णांचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याला लागून माझं फ्रेमचं दुकान. माणूस गेला की भिंतीवर लावायला फोटो लागतो, आणि नेमका तेव्हाच घरात एकही धड फोटो सापडत नाही. कुणी लग्नातला घोळका घेऊन येतं, कुणी आधार कार्ड, कुणी तर माणूस गेल्यावर मोबाईलवर काढलेला फोटो दाखवतं. अण्णा त्यातलं डोकं तेवढं उचलतात, मागे आकाशी रंग टाकतात, अंगात कोट चढवतात आणि मिटलेले डोळे उघडतात. मग खुर्ची मागे सारून म्हणतात, "हां. आता बघाय लागलं."

हे वाक्य भिंतीपलीकडून ऐकू आलं की भर दुपारी माझ्या अंगावर काटा येतो.

कोट एकच आहे, करडा. शिरोळपासून आजऱ्यापर्यंत कितीतरी गेलेले पुरुष तोच कोट घालून भिंतीवर बसलेत. वर सगळे भेटत असतील तर एकाच कारखान्याचे वॉचमन वाटत असतील, असं मी एकदा म्हणालो. अण्णा हसले नाहीत. "कुणाला ढिल्ला हुईत न्हाय," एवढंच म्हणाले.

डोळ्यांचं मात्र तसं नाही. डोळे पुष्कळ आहेत. पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या जिवंत माणसांचे डोळे अण्णा कॉम्प्युटरमध्ये ठेवून घेतात आणि लागतील तसे वापरतात. मला याचा पत्ताच नव्हता. एकदा आजऱ्याच्या कुणा मयत तलाठ्याच्या फोटोवर काच बसवत होतो, तर आतून माझेच डोळे माझ्याकडे बघत होते. काच हातातून पडायचीच राहिली. मी तसाच शेजारी गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं डोळं चांगलं हाईत की," ते म्हणाले. "वापरून खराब हुईत न्हाईत."

तो तलाठी आता आजऱ्यात कुणाच्या तरी घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीवर बसून, माझ्या डोळ्यांनी, येणारी-जाणारी माणसं बघत असेल. कधीकधी दुपारी जरा डुलकी लागली की मला एक अनोळखी सोपा दिसतो आणि काजू सोलत बसलेली एक म्हातारी दिसते. बायकोला मी हे सांगितलेलं नाही.

अशा माणसाकडे रॅप गाणारी पोरं कशी आली, तर गाण्यांची कव्हरं, म्हणजे गाण्यासोबत मोबाईलवर दिसणारी चित्रं, करणारा फ्लेक्सवाला गावाला गेला होता म्हणून. कोल्हापुरात गल्लोगल्ली रॅपर झालेत आणि सगळ्यांची कव्हरं एका साच्यातली. उसनी आणलेली काळी गाडी, गळ्यात साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा, धूर, एक कुत्रं आणि पाठीमागे हाताची घडी घालून दोस्तमंडळी. अण्णांनी पहिल्याच पोराच्या फोटोतून हे सगळं काढून टाकलं. गर्दीत माणूस बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. गाडी गेली, दोस्त गेले, कुत्रंही गेलं. राहिला तो गायक एकटा, आकाशी रंगापुढे, करड्या कोटात, टक लावून बघणारा.

कव्हर मोबाईलवरून फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरहून त्या पोराच्या घरी त्याचे मामा-मामी आले. मामी गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढून रडत होती. पोरगं दारात बसून मिसळ खात होतं. मामांनी त्याला आधी कवटाळलं, मग त्याच्या मुस्कटात दिली.

गाणं मात्र तुफान चाललं. इतक्या काळ्या गाड्या बघून विटलेल्या लोकांना हे काहीतरी भलतंच वाटलं. मग पोरांनी अण्णांकडून व्हिडिओही करून घेतला. पडद्यापुढे खुर्ची, खुर्चीवर तोच गायक, तोंड मिटलेलं, गाणं मागून चालू, आणि शेवटपर्यंत पापणी हलवायची नाही. जिथे हललीच, तिथे अण्णांनी ती नंतर उघडली. खाली लोकांनी लिहिलं की बघवत नाही आणि बंदही करवत नाही. अण्णा रॅपची रीत मोडायला निघाले नव्हते. त्यांना फोटोची ही एवढी एकच रीत येत होती.

त्यानंतर आला खटका. एमसी खटका, खरं नाव संदेश, शिरोळकडचा. दांडगा गडी. काळा चष्मा न्हाव्याच्या खुर्चीतही काढत नाही, अशी त्याची ख्याती. त्यानं आईवर गाणं केलं होतं. दोस्तांचं म्हणणं असं, की गाणं आईवर असलं तरी गाडी पाहिजेच, उसावरून ड्रोन फिरवायला पाहिजे, आणि आई कोपऱ्यात फुलांच्या गोलात. ते त्याला पटेना, म्हणून तो एकटाच आला होता. मी फ्रेमचे नमुने घेऊन तिथेच उभा होतो.

त्याची आई वर्षापूर्वी गेली. घरातले फोटो त्याआधीच पुरात गेले होते. राहिला होता एकच, कुणाच्या तरी हळदीत मोबाईलवर काढलेला. त्यात ती खळखळून हसत होती आणि हसताना तिचे डोळे गच्च मिटले होते.

"उघडा," खटका म्हणाला.

अण्णांनी साठ्यातले डोळे एकामागून एक लावून बघितले. त्या बाईच्या चेहऱ्यातून आधी आमच्या पोराच्या शाळेतल्या बाई बघायला लागल्या, मग कोपऱ्यावरची दूधवाली, मग माझी बायको. माझी बायको त्या परक्या तोंडातून माझ्याकडे बघत असताना मला तिथे उभं राहवेना. प्रत्येक वेळी खटका मान हलवायचा. "ही न्हवं." शेवटी अण्णांनी विचारलं, कसे होते ते तरी सांग.

"तेच आठवंना झालंय, अण्णा," तो म्हणाला. "हसताना दिसती. माज्याकडं बघताना दिसतच न्हाय."

अण्णा उठले आणि त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"चष्मा काढ."

तो नको म्हणाला, ती आपली स्टाईल आहे म्हणाला. अण्णा हात पुढे करून तसेच उभे. अखेर त्यानं चष्मा काढला. आत लांब पापण्यांचे, पाणीदार, फार मऊ डोळे होते. शाळेत पोरं बायकी डोळ्यांचा म्हणून चिडवायची, तेव्हापासून चष्मा लावतो, असं त्यानं खाली बघत सांगितलं. कुणावर गेलास, अण्णांनी विचारलं. आईवर म्हणतात, तो पुटपुटला.

"मग हितंच हाईत की," अण्णा म्हणाले.

त्यांनी त्याला पडद्यापुढे बसवून फोटो घेतला. त्यातले डोळे उचलून आईच्या चेहऱ्यात ठेवले आणि कडेला दोन-चार सुरकुत्या ओढल्या. हळदीतली ती बाई आता आमच्याकडे बघून हसत होती. आमच्याकडे कसली, त्याच्याकडेच. तो ज्या बाजूला सरकेल तिकडे तिची नजर जात होती, हे मी शपथेवर सांगेन. अण्णांनी नेहमीसारखी खुर्ची मागे सारली.

"बघाय लागली," खटका म्हणाला, आणि टेबलावर डोकं ठेवून रडला.

त्या गाण्याच्या कव्हरवर ती एकटीच आहे. गाडी नाही, साखळी नाही, खटकासुद्धा नाही.

जाता जाता त्यानं सहज विचारलं, "अण्णा, तुमचं डोळं कुणाकुणाला लावलासा?" अण्णा म्हणाले, कुणालाच नाही. मी चाट पडलो. अख्ख्या गल्लीचे डोळे या माणसानं वापरले आणि स्वतःचे एकदाही नाहीत? अण्णांनी लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात ते एकटेच असतात, हे मला ठाऊक होतं, पण त्याचा मी कधी विचार केला नव्हता.

"एकट्या मानसाचं डोळं," ते म्हणाले, "कुणाच्या भरल्या घरात कशाला लावायचं?"

खटका गेला. मी नमुने आवरत होतो. अण्णा कॅमेरा माझ्या हातात देऊन स्वतः पडद्यापुढच्या खुर्चीत जाऊन बसले. म्हणाले, काढा एक, साठ्यात असू दे. कुणाच्या तरी घरात चार माणसं जेवताना बघायला मिळतील.

मी बटण दाबलं. पहिला फोटो बिघडला, दुसराही बिघडला. डोळ्यांत पाणी असलं की बुबुळ नीट येत नाही. मी कॅमेरा खाली ठेवला आणि रुमाल पुढे केला.

"पुसा आदी," मी म्हणालो. "गडबड न्हाय. मी हाय हितं."