लिंबाच्या रोपाची प्रकाशयोजना

“तंबू मी आणून ठेवलाय. आतला दिवा तेवढा तुम्ही निवडा,” दारात चपला घालता घालता बायको म्हणाली. “तुमचंच काम आहे ते.”

दिवेकाकांची छाती फुगली. उभं आयुष्य त्यांनी नाटकांची प्रकाशयोजना केली होती. नाट्यगृहात मिळालेलं हे नाव पुढे घरीही चिकटलं. संध्याकाळी घरात असणं मात्र त्यांना निवृत्तीनंतरच जमलं, त्यामुळे संसारातलं काही त्यांच्यावर सोपवायचा प्रश्न कधी आलाच नव्हता. उकळत्या दुधाकडे बघायलासुद्धा बायको शेजारणीला सांगायची.

आता ती लेकीच्या तान्ह्या बाळाला सांभाळायला निघाली होती आणि लिंबाचं रोप त्यांच्या हवाली करत होती. तेही साधंसुधं नव्हे. तिच्या वडिलांच्या अंगणातल्या झाडाच्या बीचं. ते घर विकलं गेलं, झाड तोडलं गेलं, उरलं ते एवढंच. या घराच्या खिडक्या समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत, ऊन आत येत नसे, म्हणून दिव्याच्या उजेडात रोप वाढवायला झोपायच्या खोलीत कपाटाएवढा तंबू आला होता. बाहेरून काळा, आतून चकचकीत, पुढे झिप.

“सांभाळा हं,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. काका भारावले.

दुकानातल्या मुलीने आधी जांभळा दिवा लावून दाखवला.

“छे, हा खुनाच्या प्रवेशाला!”

“मग हा पांढरा घ्या. लिंबाला हाच मानवतो.”

काकांनी त्या उजेडात आपला हात धरून पाहिला. शिरा, डाग, सुरकुत्या, सगळं चव्हाट्यावर. “अहो, यात नायिकासुद्धा आजारी दिसेल.”

“काका, झाड कुठे आरशात बघतंय?”

पोरीला कलेतलं काय कळतंय, असं म्हणत काका घरी आले आणि माळ्यावरून आपला नाटकातला जुना स्पॉटलाइट काढला. त्याला सोनेरी काच लावली, डाव्या अंगाने उजेड सोडला. रोप असं काही खुललं की काकांनी लगेच फोटो काढून पाठवला.

“अगंबाई! माझं लिंबू एवढं देखणं कधी झालं?” बायकोचा फोन आला. तिच्याकडून दाद मिळायची काकांना सवय नव्हती. ही दाद त्यांना चढली.

काही दिवसांनी पानं मलूल झाली. काकांना वाटलं, मागचा प्रकाश कमी पडतोय. दुसरा स्पॉट आला. त्याच्या धगीने पानांची टोकं करपली. म्हणून पंखा आला, आणि पंख्याच्या वाऱ्याने करपलेली पानं गळाली. उघडी पडलेली बाजू झाकायला काकांनी कुंडी फिरवली, नवा कोन साधला. रोप जसजसं खंगत गेलं तसतसे फोटो सुंदर होत गेले.

“विहीणबाईंना दाखवला,” बायकोने कळवलं. “त्यांना याचं एक कलम हवंय.”

काकांनी तंबूची झिप ओढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा सोपवलेली गोष्ट, आणि ती आपण मारतोय. खरं सांगावं म्हणून फोन हातात घ्यावा, तर पलीकडून तीच म्हणायची, “आज फोटो नाही पाठवलात?”

ती येणार त्या दिवशी रोपाला जेमतेम दोन पानं होती. काकांनी पत्र्याची पानं कापली, ती दिव्यापुढे बसवली आणि वाट बघत राहिले.

बायकोने पिशवी ठेवली, सरळ खोलीत जाऊन झिप उघडली. समोर एक काडी, दोन पानं. आणि मागच्या कापडावर सावल्यांचं डेरेदार झाड.



“मी मारलं गं,” काका म्हणाले.

“तुम्ही कसले मारताय! मी निघाले तेव्हाच हे मरायला टेकलं होतं.” तिने डोळ्यांना पदर लावला. “माझ्या हातून जायला नको, म्हणून तुमच्या गळ्यात घातलं.”

“म्हणजे विश्वासाने नव्हे?”

“विश्वासाने? तुमच्यावर?”

काकांना राग यायला हवा होता. पण ती सावल्यांवरून हात फिरवत होती. “बाबांच्या झाडाची सावली दुपारी पायरीवर अश्शीच पडायची,” ती म्हणाली. मग एकदम वळली. “दुकानात दुसरा दिवा नव्हता?”

“होता एक पांढरा. पण त्यात कुणीच चांगलं दिसत नाही.”

“अहो, माझा सगळा संसार स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली गेला. मी जगलेच ना?”

काकांनी एवढ्या नायिका उजळल्या होत्या, पण ओट्याशी उभ्या असलेल्या या बाईवर कसला उजेड पडतो हे कधी पाहिलं नव्हतं. ते मुकाट्याने चपला घालून दुकानात गेले.

पांढऱ्या उजेडात रोप अगदी रोगट दिसायला लागलं. पण दोन्ही पानं टिकली, आणि काही दिवसांनी खोडावर टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी हिरवं फुटलं. बायकोने काकांना हाताला धरून तंबूपाशी आणलं. दोघांनी वाकून पाहिलं, मग तिने स्वतः फोटो काढून विहीणबाईंना पाठवला.

लगेच फोन वाजला. “अहो, काय झालं हो त्या झाडाला? मागे किती छान होतं!”