गाडीनं ओळख दिली नाही

गाडीने पुन्हा एक उचकी दिली आणि गप्प बसली. स्टिअरिंगमागे चावीच्या आकाराचा लाल दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

"अजी, हळू," मधुकररावांच्या शेजारी बसलेल्या सुशीलाबाई मांडीवरची पिशवी पदराखाली सारत म्हणाल्या. "लोकं पाहून राहिले."

पंचाईत तीच होती. लाखांदूरला दिलेल्या लेकीला, कामिनीला तिसरा महिना लागला होता. मागच्या खेपेला गावभर पेढे वाटले आणि पाळणा रिकामाच राहिला. तेव्हापासून सुशीलाबाईंनी दृष्टीची धास्ती घेतली होती. तिसऱ्या महिन्यात लेकीला गुपचूप द्यायची ती चोरचोळी. या वेळी ती अशी चोरून न्यायची, की दिघोरीच्या वाऱ्यालाही हिरव्या खणाचा सुगावा लागू नये.

पण रस्त्यात अडलेली गाडी दिघोरीला कधी एकटी सापडली आहे? समोरच्या चंद्रकांताबाई ओट्यावरून उतरल्याच.

"कुठी जाऊन राहिले, भाऊजी?"

"लाखांदूरले. दात दुखते."

"कोणाचा?"

"माझा," मधुकरराव म्हणाले. "माझा," सुशीलाबाईही त्याच दमात म्हणाल्या.

"दोघायचाही? माय वो!"

कोणी लवंग आणली, कोणी तुरटी. चौघांनी गाडी ढकलत पार तळ्याच्या पाळीपर्यंत नेली, गाव मागोमाग आलं. गाडी ढिम्म. शेवटी गॅरेजवाला अश्वजित आला. त्याने तपासणीच्या यंत्राची वायर गाडीला जोडून पाहिली.

"बॅटरी ठणठणीत हाये, काकाजी. पण चावीतल्या चिपेची ओळखच नाही पटून राहिली. गाडी तुमाले चोर समजते."

लोक फिदीफिदी हसले. दुसऱ्याच्या धानाच्या बांधीतली लोंबीही कधी न खुडलेले मधुकरराव ताडकन गाडीबाहेर आले.

"चोर? मी? अरे, चोरी कायची, चोरचोळीले जाऊन राहिलो आमी!"

लोकांचं हसू मावळलं. सुशीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मधुकररावांना वाटलं, जीभ कापून तळ्यात टाकावी.

अश्वजितने मान खाली घातली, ती नेमकी चावीपाशी. तिला लाल धाग्याने दुसरी चावी बांधलेली होती.

"काकू, हे काय?"

"शुभ कामाले एकटी चावी कशी न्यावी? आज जोडी बांधली," त्या कशाबशा म्हणाल्या.

"दोघी एकदम बोलतेत, काकू. गाडीले एकीचंही धड ऐकू येत नाही." त्याने गाठ सोडली, एक चावी मागच्या सीटवर ठेवली, दुसरी फिरवली. गाडी गुरगुरली.

"ऐकू तं मलेही येत नाही, सकाळपासून," चंद्रकांताबाई गावाकडे वळून म्हणाल्या. "भाऊजी काय म्हणाले, कोणाले ऐकू आलं का व?"

"नाही बा!"

"माझ्या कानात तं दडे बसले!"

धावत घरी जाऊन आलेल्या चंद्रकांताबाईंनी खिडकीतून हात घातला आणि मूठभर तांदूळ सुशीलाबाईंच्या पदरात सोडले. "दातावर लावा." मग घरोघरून आलेल्या हातांची रांगच लागली. कोणाचे तांदूळ, कोणाचं हळकुंड, एक नारळ. सुशीलाबाईंचा पदर जड झाला, चेहरा हलका.

मधुकररावांनी स्टिअरिंगमागे बसून डोळे पुसले आणि हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग खिडकीतून डोकं काढून ओरडले, "अरे, सरका ना बाजूले!"

पण सगळ्यांच्याच कानांत दडे; गाडीसमोरून एक माणूस हलेल तर शपथ.